लाईव्ह एडचा व्हिडिओ आपण दहा वेळा बघितला, पण त्यात पाचगणीचा फारोख दिसला का?

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. घरातले सगळे झोपलेत. कानात हेडफोन घालून तुम्ही मोबाईलवर उगाच काहीतरी शोधताय आणि समोर एक जुना व्हिडिओ येतो. पांढरी बनियन, निळी जीन्स, दंडाला पट्टा आणि दाट मिशी असलेला एक गडी पळत स्टेजवर येतो आणि पियानोवर बसतो. पियानोवर कोल्ड्रिंकचे कागदी ग्लास ठेवलेत.

पुढची २१ मिनिटं तुम्ही मोबाईल खाली ठेवत नाही.

हा व्हिडिओ १३ जुलै १९८५ चा. लंडनचं वेम्बली स्टेडियम, इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी भरवलेला लाईव्ह एड हा कार्यक्रम, बँड क्वीन आणि गायक फ्रेडी मर्क्युरी. मैदानात सुमारे ७२ हजार लोक होते. उरलेलं जग आपल्यासारखंच घरात बसून टीव्हीवर बघत होतं.

आता मुद्द्यावर येऊ. २०१८ ला बोहेमियन ऱ्हॅप्सडी हा सिनेमा आला, त्यातल्या भूमिकेसाठी रामी मॅलेकला ऑस्कर मिळालं. तेव्हापासून हा व्हिडिओ बघताना बहुतेकांच्या डोळ्यात पाणी येतं. कारण सिनेमात दाखवलंय की आपल्याला एड्स झालाय हे फ्रेडीला लाईव्ह एडच्या आधीच कळलं होतं.

पण तसं नव्हतं. त्याच्या आजाराचं निदान झालं १९८७ मध्ये, म्हणजे या कार्यक्रमानंतर जवळजवळ दोन वर्षांनी. बँड फुटला होता आणि लाईव्ह एडसाठी परत एकत्र आला, हेही सिनेमातलंच. खरं तर दोनच महिन्यांपूर्वी हे चौघं जपानमधला दौरा संपवून आले होते.

मग त्या २१ मिनिटांत आपण नेमकं काय बघतो? ते समजून घ्यायचं तर सुरुवात वेम्बलीतून नाही, आपल्या साताऱ्यातून करायला लागते.

झांझिबारचा पोरगा, पाचगणीचं हॉस्टेल

फ्रेडीचं खरं नाव फारोख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर. घराणं पारशी, मूळ गुजरातचं. वलसाडचं जुनं नाव बलसार, त्यावरून आडनाव बलसारा. वडील बोमी हे तिथल्या ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते, आईचं नाव जेर.

पोरगा आठ वर्षांचा झाल्यावर आईवडिलांनी त्याला शिकायला पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलमध्ये पाठवलं. झांझिबार ते मुंबई बोटीचा प्रवास आणि तिथून वर घाटात. आईबाप समुद्रापलीकडे. सुट्ट्या बऱ्याचदा मुंबईतल्या नातेवाइकांकडे काढायच्या. आठ वर्षांच्या पोराला हे किती जड गेलं असेल, ते ज्यांनी हॉस्टेलची पहिली रात्र काढलीय त्यांना वेगळं सांगायला नको.

त्यात आणखी एक गोष्ट होती, दात. त्याच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते, त्यामुळं पुढचे दात बाहेर आले होते. शाळेत पोरं त्यावरून चिडवायची. हसताना वरचा ओठ खाली ओढायची किंवा तोंडावर हात न्यायची सवय त्याला लागली, ती आयुष्यभर राहिली. व्हिडिओत नीट बघा. गाणं थांबलं की पुष्कळदा ओठ दातांवर येतो.

पण याच शाळेत त्याला पियानो मिळाला. रेडिओवर गाणं ऐकायचं आणि जसंच्या तसं पियानोवर वाजवायचं, यात त्याचा हात बसला. बारा वर्षांचा असताना चार मित्रांसोबत त्यानं द हेक्टिक्स नावाचा बँड काढला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ते शाळेच्या कार्यक्रमात वाजवायचे. गंमत म्हणजे या बँडचा मुख्य गायक फ्रेडी नव्हताच. तो पियानोवर असायचा.

फारोखचा फ्रेडी झाला तोही पाचगणीतच.

एका रात्रीत घर गेलं

१९६३ ला तो झांझिबारला परत गेला. वर्षभरात, जानेवारी १९६४ मध्ये, तिथं क्रांती झाली. सुलतानाची सत्ता उलथली आणि अरब व भारतीय वंशाच्या हजारो लोकांची कत्तल झाली. बलसारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला गेलं. लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळ फेल्टममध्ये त्यांनी घर केलं. फ्रेडी तेव्हा सतरा वर्षांचा होता.

तो काळ इंग्लंडमधल्या आशियाई लोकांसाठी सोपा नव्हता. बाहेरून येणाऱ्यांविरुद्ध राजकारणी उघड भाषणं करत होते. फ्रेडीनं ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाईन शिकलं. पैशासाठी हीथ्रोवर सामान उचलायचं काम केलं, केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुने कपडे विकले. कपड्यांच्या त्या स्टॉलवर सोबत होता ड्रमर रॉजर टेलर.

रॉजर आणि गिटारवादक ब्रायन मे यांच्या बँडचा गायक सोडून गेला आणि १९७० मध्ये ती जागा फ्रेडीनं घेतली. बँडचं नाव क्वीन त्यानं सुचवलं. बँडचं बोधचिन्हही त्यानंच काढलं, चौघांच्या राशींवरून. पुढच्या वर्षी बासवादक जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली. याच काळात बलसारा हे आडनाव गेलं आणि मर्क्युरी आलं.

पुढं प्रसिद्ध झाल्यावरही झांझिबार आणि पाचगणीबद्दल तो जाहीरपणे फारच कमी बोलला. त्याच्या काळात क्वीनचा एकही कार्यक्रम भारतात झाला नाही.

घरात बसलेल्या माणसाची किंमत या बँडला कळली होती

१९७५ ला बोहेमियन ऱ्हॅप्सडी हे गाणं आलं. जवळजवळ सहा मिनिटांचं, मध्येच ऑपेरा. रेडिओवर एवढं लांब गाणं कोण लावणार, असं कंपनीचं म्हणणं होतं. ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं.

पण टीव्हीच्या स्टुडिओत हे गाणं करायचं कसं? मधल्या भागात आवाजांचे थरावर थर आहेत, चार माणसांना ते प्रत्यक्ष गाणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी आधीच एक व्हिडिओ चित्रित केला आणि टीव्हीला दिला. काही तासांत झालेलं ते काम. गाण्यासोबत व्हिडिओ काढायची पद्धत रुजण्यात त्याचा मोठा वाटा मानला जातो.

आता परत लाईव्ह एडकडे या. क्वीन स्टेजवर आलं संध्याकाळी ६ वाजून ४१ मिनिटांनी. लंडनमध्ये जुलैत तेव्हा लख्ख ऊन असतं. म्हणजे दिव्यांचा खेळ नाही, धूर नाही, नेहमीचा थाट काहीच नाही. वेळ मोजकी. समोरचे ७२ हजार सगळे त्यांचेच चाहतेही नव्हते. शिवाय वंशभेदी राजवटीच्या दक्षिण आफ्रिकेत १९८४ ला कार्यक्रम केल्यामुळं क्वीनवर कडक टीका झालेली होती, आणि ती रास्तच होती.

या चौघांनी लंडनच्या शॉ थिएटरमध्ये तालमी केल्या. भाषण नाही, नवी गाणी नाहीत. लोकांना पाठ असलेली सहा गाणी, तीही गरजेप्रमाणं कापून बसवलेली.

रेडिओ गागा सुरू झाल्यावर सगळं मैदान एकाच वेळी डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवतं ना, ते लोकांना कुणी तिथं शिकवलं नव्हतं. गाण्याच्या आदल्या वर्षीच्या व्हिडिओत तशा टाळ्या होत्या. लोक ते घरी टीव्हीवर बघून आले होते. घरात बघितलेलं त्यांनी मैदानात केलं आणि मैदानातलं आता आपण घरात बघतोय.

मग तो नुसता आवाज लावतो आणि लोकांकडून परत मागतो. एक तान तो घेणार, एक लोक घेणार. हातात अर्धाच माईकस्टँड. सुरुवातीच्या एका कार्यक्रमात स्टँड मधूनच तुटला होता, तेव्हा वरचा तुकडा घेऊन तो गात राहिला आणि पुढं तीच त्याची खूण झाली.

आजाराची सावली या व्हिडिओत नाही. दिसतो तो ३८ वर्षांचा, तब्येतीनं ठणठणीत, पंधरा वर्षं स्टेजवर घासलेला माणूस. त्याला बिचारा म्हणून बघितलं तर त्याची मेहनतच दिसत नाही.

आणि मग तो एक व्हिडिओ, ज्यात खरंच सगळं माहिती होतं

पुढच्या वर्षी, १९८६ च्या जुलैत, वेम्बलीत क्वीनचे दोन कार्यक्रम झाले. पिवळं जाकीट आणि शेवटी राजाचा मुकुट असलेलं ते प्रसिद्ध रेकॉर्डिंग तिथलं. ९ ऑगस्टला नेबवर्थला लाखाच्या वर गर्दी झाली. क्वीनसोबतचा त्याचा तो शेवटचा जाहीर कार्यक्रम ठरला, पण हे तेव्हा त्यालाही माहिती नव्हतं.

निदान झाल्यावर त्यानं दौरे थांबवले आणि काम वाढवलं. स्पेनची ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये हिच्यासोबत बार्सेलोना हा अल्बम केला. क्वीनचे दोन अल्बम पूर्ण केले. आजाराबद्दल तो बाहेर काही बोलला नाही. एड्स म्हणजे पाप आणि समलिंगी माणसांना मिळालेली शिक्षा, असं उघड म्हणायचा तो काळ. वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर त्याच्या घराबाहेर ठाण मांडून असायचे.

मे १९९१ मध्ये त्यानं शेवटचा व्हिडिओ चित्रित केला, दीज आर द डेज ऑफ अवर लाईव्हज या गाण्याचा. तो कृष्णधवल प्रसिद्ध झाला. चेहऱ्यावर जाड मेकअप, अंगावर मांजरांची चित्रं असलेला वेस्टकोट. अख्खं मैदान पळून काढणारा माणूस जवळजवळ एकाच जागी उभा आहे. शेवटी तो कॅमेऱ्यात बघून हलकंसं हसतो.

२३ नोव्हेंबर १९९१ ला त्यानं एड्स असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तो गेला. वय ४५. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. जगाचा फ्रेडी निरोपाला परत बलसारांचा फारोख झाला होता.

पुढच्या एप्रिलमध्ये त्याच वेम्बलीत त्याच्या नावानं मोठा कार्यक्रम झाला. त्यातून मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट उभा राहिला. एड्सविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांना हा ट्रस्ट आजही मदत करतो.

तेव्हा पुढच्या वेळी रात्री तो लाईव्ह एडचा व्हिडिओ समोर आला, तर रडायची घाई करू नका. आवाज वाढवा आणि मजा घ्या, तोही घेतच होता. डोळ्यात पाणी यायचंच असेल तर १९९१ चा तो कृष्णधवल व्हिडिओ लावा. तो शेवटपर्यंत बघा, शेवटच्या हसण्यापर्यंत.

आणि तेव्हाही ओठाकडे लक्ष असू द्या. पाचगणीत लागलेली ती सवय शोधायला फार वेळ लागत नाही.