दिवाळीच्या बरणीचं झाकण ज्याने शोधलं, त्याच्या हाती शेवटी काहीच उरलं नाही

ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, म्हणजे आमच्या कोपरीत, दिवाळीचा फराळ शेजारी द्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न पडतो तो कशात द्यायचा. पिशवी दिली तर ती कचऱ्यात जाते, पुठ्ठ्याच्या खोक्याला तेल सुटतं. म्हणून बऱ्याच घरांत आता आटे असलेल्या झाकणाची काचेची बरणी दिली जाते. एक तर चिवडा छान दिसतो. दुसरं म्हणजे आपल्याकडे डबा रिकामा परत करायचा नसतो. दिवाळीत चकली घेऊन गेलेली बरणी संक्रांतीला तिळाच्या वड्या घेऊन घरी येते.

या बरणीला जगभर मेसन जार म्हणतात. मेसन हे कंपनीचं नाव असेल असं वाटतं, पण ते एका माणसाचं आडनाव आहे.

जॉन लँडिस मेसन १८३२ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीत जन्मला, आज व्हाइनलँड म्हणतात त्या भागात. धंद्याने तो पत्र्याचं काम करणारा कारागीर. डबे, झाकणं हाच त्याचा रोजचा विषय.

तेव्हा अन्न टिकवायची विद्या नवी राहिली नव्हती. फ्रान्सच्या निकोला आपेरने बाटलीत अन्न भरून, बूच घट्ट लावून, ती उकळत्या पाण्यात ठेवायची रीत १८१० मध्ये पुस्तक काढून सगळ्यांना सांगितली होती. अडचण होती ती तोंड बंद करायची. बूच, त्यावर लाख किंवा मेण, असा सगळा खटाटोप. आपल्या आज्या लोणच्याच्या बरणीला फडक्याचा दादरा बांधायच्या, तसाच. फरक इतकाच की लोणचं मीठ आणि तेलाच्या जोरावर टिकतं, दादरा सैल झाला तरी चालतं. उकडलेल्या फळांना हवा लागली की संपलं.

आट्यांच्या बाटल्या मेसनच्या आधीही होत्या, पण झाकण नीट बसायचं नाही. काच फुंकून बनवलेली, तिची कड खडबडीत. त्यात आटे खालपर्यंत गेलेले असले की झाकण मध्येच अडकायचं. मेसनने केलेला बदल ऐकायला किरकोळ वाटतो. बरणीच्या खांद्यापाशी पोहोचायच्या आधीच आटे विरून जातील अशी रचना त्याने केली. त्यामुळे झाकणाची कड थेट खांद्यावर घट्ट बसायला लागली. ३० नोव्हेंबर १८५८ रोजी त्याला पेटंट मिळालं. वय वर्षं २६. त्याच महिन्याच्या १ तारखेला इकडे हिंदुस्थानात राणीचा जाहीरनामा वाचला गेला होता आणि बोरीबंदर ते ठाणे रेल्वेला जेमतेम साडेपाच वर्षं झाली होती.

झाकण जस्ताचं होतं, आणि इथे दिवाळीची बरणी भरणाऱ्यांनी जरा थांबावं. आंबट पदार्थ धातूला लागला की धातू खातो आणि चवही बिघडते. मेसनच्या झाकणाची ही खोड १८६९ मध्ये लुइस बॉइडने काढली, झाकणाला आतून पांढऱ्या काचेची चकती बसवून. म्हणून आजही साध्या पत्र्याच्या झाकणाखाली लिंबाचं लोणचं भरून भेट देऊ नका. अशा बरणीत कोरडा माल शोभतो. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, मसाला दुधाचा मसाला. मला स्वतःला खिचडीची बरणी आवडते. खाली तांदूळ, वर मुगाची डाळ, मग कागदाच्या पुडीत जिरं, हळद, हिंग आणि सुकी मिरची. घेणाऱ्याला फक्त पाणी, मीठ आणि तूप घालायचं. आणि चिवडा भरणार असाल तर पूर्ण गार झाल्यावरच भरा. झाकण हवाबंद असतं, आतली वाफही तितकीच बंद होते आणि दोन दिवसांत पोहे मऊ पडतात.

मेसनकडे परत येऊ. कारागीर पक्का होता, पण व्यवहार त्याला जमला नाही. पेटंटांचे हक्क त्याने दुसऱ्यांना विकून टाकले.

सगळ्यात मोठा फटका बसला तो सुधारित बरणीच्या बाबतीत. ही बरणी त्याने १८५९ मध्येच तयार केली होती. निदान दोन डझन नग करून घेतले, काही लोकांना असेच दिले, काही विकले. चार पैसे मिळावेत आणि माल खपतो का तेही कळावं, एवढाच हिशोब. पेटंटचा अर्ज मात्र त्याने केला थेट १८६८ मध्ये. १८७० साली पेटंट मिळालंही. पुढे ते कन्सॉलिडेटेड फ्रूट जार कंपनीकडे आलं, तिने नक्कल करणाऱ्यावर खटला भरला आणि प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथला नियम सरळ होता: अर्जाच्या दोन वर्षांहून आधी वस्तू विकली असेल तर पेटंट टिकत नाही. १८७६ मध्ये ते रद्दबातल ठरलं. सगळ्या बरण्या नुसत्या भेट दिल्या असत्या तरी ते टिकलंच असतं असं नाही, पण विकलेल्या थोड्याशा बरण्या नडल्या हे नक्की.

१८७९ मध्ये १८५८ च्या मूळ पेटंटचीही मुदत संपली आणि कोणीही ही बरणी बनवायला मोकळा झाला. १८८४ मध्ये बॉल आडनावाच्या पाच भावांनी काचेच्या बरण्या काढायला सुरुवात केली. पुढे ते इंडियाना राज्यातल्या मन्सी गावी गेले आणि अफाट श्रीमंत झाले. तिथलं विद्यापीठ आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

मेसन २६ फेब्रुवारी १९०२ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारला, गरिबीत. तेव्हा बाजारात विकल्या जाणाऱ्या कितीतरी बरण्यांच्या काचेवर त्याचं नाव आणि १८५८ ची ती तारीख उठावाच्या अक्षरांत होती. बरण्या बनवणारे मात्र दुसरेच होते. त्यांनी त्याच्या मृत्यूनंतरही कित्येक वर्षं तो साचा बदलला नाही.