स्वतःचा पलंग म्हातारीला दिला, वृद्धाश्रमांची साखळी उभी केली, पण संस्थापक म्हणून नाव लागलं दुसरीचंच

गोष्ट आहे १८३९ सालच्या थंडीतली. फ्रान्सच्या ब्रिटनी भागात सां सर्व्हां नावाचं एक बंदराचं गाव होतं. तिथे ४७ वर्षांची एक अविवाहित मोलकरीण भाड्याच्या छोट्याशा घरात राहायची. एक दिवस ती एका आंधळ्या, अंग लुळं पडलेल्या म्हातारीला घरी घेऊन आली. जिना अरुंद होता, म्हणून तिला पाठीवर घेऊन वर चढली. आपल्या पलंगावर तिला झोपवलं आणि स्वतः पोटमाळ्यावर जाऊन झोपली.

त्या मोलकरणीचं नाव जान ज्युगाँ. गरीब म्हाताऱ्यांसाठी जगभर घरं चालवणाऱ्या ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ या संस्थेची सुरुवात त्या पलंगापासून झाली. आपल्या मुंबईत, अंधेरीलाही त्यांचं एक घर आहे.

जानचा जन्म १७९२ चा, कांकाल या कोळ्यांच्या गावातला. ती चार वर्षांची होण्याआधीच वडील समुद्रात बेपत्ता झाले. लहानपणी तिने गुरं राखली, सोळाव्या वर्षी एका श्रीमंत घरात स्वयंपाकघरात कामाला लागली. एका खलाशाने लग्नाची मागणी घातली, तिने नाही म्हटलं. पुढे सहा वर्षं सां सर्व्हांच्या इस्पितळात रुग्णांची सेवा केली आणि इतकी थकली की काम सोडावं लागलं. त्यानंतर तिने एका बाईच्या घरी नोकरी केली, ती बाई १८३५ मध्ये वारली. म्हणजे पलंग देणाऱ्या या बाईकडे ना पैसा होता, ना फारशी ताकद.

बंदराच्या गावात समुद्र माणसं गिळतो आणि मागे उरतात विधवा. सां सर्व्हांच्या रस्त्यांवर अशा कितीतरी म्हाताऱ्या भीक मागत फिरायच्या. पहिलीनंतर दुसरी आली. ही दुसरी आयुष्यभर मोलकरीण होती. तिचे मालक कंगाल झाले, तर तिने स्वतः भीक मागून त्यांना शेवटपर्यंत जगवलं होतं. मग तिसरी, चौथी. १८४१ मध्ये जानने जुन्या दारूच्या गुत्त्याची मोठी खोली भाड्याने घेतली आणि तिथे बारा म्हाताऱ्या राहायला आल्या.

आता यांना खायला कोण घालणार? जानने त्या म्हाताऱ्यांनाच विचारलं की तुम्ही कुणाकुणाच्या दारात जायचा. मग टोपली घेऊन ती स्वतः त्या दारांत जाऊ लागली. तुमची नेहमीची म्हातारी आता येणार नाही, तिच्याऐवजी मी आले आहे, असं सांगायची. एका झटक्यात म्हातारीची भीक थांबली आणि तिचे देणारेही टिकले. पैसे नसतील तर पाव, बटाटे, जुने कपडे, उरलंसुरलं, काहीही चालायचं. एकदा एका माणसाने तिच्या थोबाडीत मारली, तेव्हा ही माझ्यासाठी झाली, आता माझ्या गरिबांसाठी काहीतरी द्या, असं ती म्हणाल्याचं सांगतात.

घरातले नियमही बघण्यासारखे आहेत. ज्यांचे हात चालत होते त्या म्हाताऱ्या सूत कातायच्या, कपडे दुरुस्त करायच्या. आधी म्हाताऱ्यांचं जेवण, मग उरलेल्यात सिस्टर्सचं. आज वृद्धाश्रमाची चौकशी करताना आपण डिपॉझिट किती, डॉक्टर कधी येतो, एवढंच विचारतो. तिथे काम करणारे कधी आणि काय जेवतात, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. खरं तर त्यावरूनही बरंच काही कळतं.

१८४५ मध्ये फ्रेंच अकादमीने गरीब माणसाच्या सत्कृत्यासाठी दिला जाणारा माँतियाँ पुरस्कार जानला दिला, ३,००० फ्रँकचा. पण तोपर्यंत एक घोळ होऊन बसला होता.

सुरुवातीपासून मदत करणारे ल पायेर नावाचे एक तरुण पाद्री होते. डिसेंबर १८४३ मध्ये सोबतच्या बायकांनी जानला पुन्हा प्रमुख निवडलं. ल पायेरनी ती निवड रद्द केली आणि २३ वर्षांच्या मारी जामेला त्या जागी बसवलं. तरीही वर्षानुवर्षं टोपली घेऊन गावोगाव हिंडत होती जानच. नव्या शहरात घर उघडायचं, कर्ज फेडायचं, तर तिलाच पाठवायचे. १८५२ मध्ये तिला मुख्य मठात परत बोलावून लोकांत जाणंच बंद केलं. पुढची २७ वर्षं ती नव्या मुलींबरोबर एक साधी सिस्टर म्हणून राहिली. संस्थेच्या इतिहासात ती ‘तिसरी’ ठरली, आणि ज्या मुली तिच्याशेजारी काम करायच्या त्यांना ही कोण आहे हेही माहीत नसायचं.

तिने भांडण केलं नाही. हे वाचताना राग येतो, तिला आला असेल का, कोण जाणे.

पण एकदा तिचं मत घेतलं गेलं. १८६५ मध्ये दरवर्षी ठरावीक उत्पन्न देणारी एक देणगी आली, तेव्हा ती घेऊ नये असं तिने सांगितलं. पैसा आपोआप यायला लागला की लोकांच्या दारात जाणं थांबेल, असा तिचा हिशोब होता. तिचं ऐकलं गेलं.

२९ ऑगस्ट १८७९ रोजी, ८६ व्या वर्षी ती गेली. तेव्हा संस्थेत सुमारे २,४०० सिस्टर्स होत्या. तीनच वर्षांत, १८८२ मध्ये, संस्था कोलकात्याला पोचली. तेव्हाही अधिकृत इतिहासात जान तिसरीच होती.

१८९० मध्ये ल पायेरना रोमला बोलावून पदावरून दूर केलं गेलं. मारी जामेनेही मरण्याआधी कबूल केलं की संस्थापक आपण नाही, जान होती. अकादमीच्या पुरस्काराचे कागद पॅरिसमध्ये होतेच. २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी जानला संत घोषित केलं. आणि दारोदार जाऊन मागायची तिची पद्धत? ती संस्थेत आजही सुरू आहे.