कस्तुरबांचा शेवटचा आजार



फेब्रुवारीच्या ११ तारखेला आपण लूर्दच्या मातेचा सण आणि जागतिक रुग्णदिन साजरा करतो. याच महिन्याच्या २२ तारखेला, १९४४ साली, पुण्याच्या आगाखान महालात कस्तुरबा गांधींनी देह ठेवला. आपल्यापैकी अनेकांनी पुण्याला गेल्यावर तो महाल आणि तिथली त्यांची समाधी पाहिली असेल. महात्माजींची पत्नी म्हणून आपण त्यांना शाळेच्या पुस्तकात वाचले. आज आम्ही त्यांच्याकडे एक आजारी माणूस म्हणून पाहणार आहोत, कारण आपल्या जुळे सोलापुरातल्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी अंथरुणाला खिळलेले आहे.

कस्तुरबांचा जन्म १८६९ साली पोरबंदरच्या एका व्यापारी घरात झाला. वयाच्या तेराव्या वर्षी लग्न झाले. पुढे चार मुलगे झाले. शिक्षण जवळजवळ नव्हतेच, पण स्वतःचे मत होते आणि ते सोडायची सवय नव्हती. दक्षिण आफ्रिकेत १९१३ साली सत्याग्रहात त्यांनी तीन महिने सक्तमजुरी भोगली आणि हाडांचा सापळा होऊन त्या तुरुंगाबाहेर आल्या.

त्याआधी काही वर्षे, डर्बन शहरात त्यांची एक शस्त्रक्रिया झाली होती. अंगात इतकी अशक्तता होती की भूलही देता आली नाही. प्रकृती खालावली तेव्हा डॉक्टरांनी गोमांसाचा रस देण्याचे ठरवले. गांधीजी तेव्हा जोहान्सबर्गला होते. त्यांनी फोनवर कळवले की हा निर्णय कस्तुरबांनी घ्यायचा आहे. अशा अवस्थेत रोग्याला विचारायचे नसते, असे डॉक्टरांचे मत होते. गांधीजी डर्बनला आले आणि त्यांनी त्या अशक्त बाईला सरळ विचारले. तिने नकार दिला. मरण आले तरी चालेल, पण धर्माविरुद्ध काही घेणार नाही, हा तिचा निश्चय होता. डॉक्टर रागावले. पाऊस पडत असताना तिला तिथून फिनिक्सच्या आश्रमात हलवले. ती तिथे बरी झाली. नसती झाली, तरी तिला विचारले गेले हे योग्यच झाले असते.

आता १९४२ सालाकडे येऊ. ९ ऑगस्टला मुंबईत गांधीजींना अटक झाली. त्याच दिवशी शिवाजी पार्कवरच्या सभेत कस्तुरबा बोलणार होत्या, म्हणून त्यांनाही पकडले. दोन-तीन दिवसांत त्यांना आगाखान महालात आणले. महाल नावाचाच, भोवती तारेचे कुंपण आणि पहारा. १५ ऑगस्टला गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई तिथेच अचानक वारले. मुलासारखा तो माणूस गेला आणि कस्तुरबा खचल्या. छातीचा जुना विकार होताच, त्यात हृदयाचे झटके सुरू झाले. रात्री धाप लागे, आडवे होता येत नसे.

त्यांच्याजवळ दोन चांगले डॉक्टर होते, सुशीला नय्यर आणि गिल्डर, दोघेही स्वतः कैदी. औषधाची कमतरता नव्हती. कमतरता होती ती दुसऱ्याच गोष्टींची. त्यांना आपली माणसे जवळ हवी होती. त्यासाठी सरकारकडे अर्ज करावे लागले, परवानग्या तुकड्यातुकड्यांनी आल्या. नात्यातली मनु नावाची मुलगी नागपूरच्या तुरुंगातून शुश्रूषेसाठी आणली गेली. त्यांना आयुर्वेदाचा उपचार हवा होता. वैद्य शिव शर्मा आले, पण रात्री महालात राहण्याची परवानगी सुरुवातीला त्यांना मिळाली नाही. रोग्याला रात्रीच जास्त त्रास होई, म्हणून ते फाटकाबाहेर मोटारीत झोपत आणि हाक आली की आत येत. बंधुभगिनींनो, त्या मोटारीत झोपणाऱ्या वैद्याचे चित्र आमच्या डोळ्यांपुढून जात नाही. बरे करणे हातात नसले तरी हाकेच्या अंतरावर राहणे हातात असते.

थोरला मुलगा हरिलाल वडिलांशी भांडून दूर गेला होता आणि दारूच्या आहारी गेला होता. आईला त्याची ओढ लागली होती. मरणाच्या आदल्या दिवशी तो आला, पण शुद्धीत नव्हता. त्याची अवस्था पाहून आईने कपाळ बडवून घेतले. समेट करायचा तर तो वेळेवर करावा, शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये, हे यापेक्षा कठोरपणे कोण शिकवील?

धाकटा मुलगा देवदास याने विमानाने पेनिसिलिन मागवले होते. त्या काळी ते अत्यंत दुर्मीळ औषध. ते दर काही तासांनी सुईने टोचावे लागणार हे कळल्यावर गांधीजींनी मुलाला थांबवले. आता तिला सुया टोचून छळू नये, ईश्वरावर सोपवावे, असे त्यांचे म्हणणे पडले. मुलाने वाद घातला, मग ऐकले. त्या दिवशी गंगाजल ओठांना लावले गेले, भजने झाली आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पतीच्या मांडीवर डोके ठेवून कस्तुरबा गेल्या. गांधीजींनी कातलेल्या सुताची एक साडी त्यांनी मनुजवळ आधीच देऊन ठेवली होती. तीच नेसवून त्यांना अग्नी दिला गेला.

गांधीजींनी बरोबर केले का? या प्रश्नावर आजही वाद होतो. आम्ही तत्त्वज्ञान शिकलो ते अशा प्रश्नांवर झटपट निकाल न देण्यासाठी. तरी दोन गोष्टी सांगतो. पहिली, ख्रिस्तसभेची शिकवण इथे स्पष्ट आहे. जीव घेणे हे पाप आहे, मग ते दयेपोटी का असेना. पण ज्या उपचाराचा भार त्याच्या लाभापेक्षा फार मोठा आहे, तो नाकारणे म्हणजे जीव घेणे नव्हे. पोप पायस बारावे यांनी १९५७ साली डॉक्टरांसमोर हे मांडले. वेदना कमी करण्यासाठी औषध देण्यासही त्यांनी मान्यता दिली. पोप जॉन पॉल दुसरे २००५ साली शेवटच्या दिवसांत पुन्हा इस्पितळात गेले नाहीत, आपल्याच खोलीत प्रार्थनेच्या सोबतीत गेले. दुसरी गोष्ट आम्हाला अधिक बोचते. डर्बनमध्ये शेवटचा शब्द कस्तुरबांचा होता. पुण्यात तो पतीचा आणि मुलाचा झाला.

आपल्या घरांतही असेच होते. आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला आम्ही जातो तेव्हा दारातच हळू आवाजात सांगितले जाते की फादर, त्यांना काही कळू देऊ नका. आत गेल्यावर आजारी माणूस आमचा हात धरून विचारतो की हे लोक माझ्यापासून काय लपवत आहेत? त्याला सगळे ठाऊक असते. आणि अभ्यंगसंस्कारासाठी आम्हाला बोलावणे येते ते बहुधा शुद्ध हरपल्यावर, कारण फादर आले म्हणजे मरण आले अशी भीती. हा संस्कार आजाऱ्यासाठी आहे, प्रेतासाठी नाही.

कस्तुरबांच्या स्मरणार्थ १९४४ साली लोकांनी एक कोटीहून अधिक रुपये जमवले. गांधीजींनी तो पैसा खेड्यांतल्या स्त्रिया आणि मुलांच्या सेवेसाठी लावायला सांगितला. सेवाग्रामला सुशीला नय्यर यांनी कस्तुरबांच्या नावाचे इस्पितळ वाढवले आणि १९६९ साली तिथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. सेवा माणसाच्या दाराशी जावी, हा त्यामागचा विचार.

आज शेवटच्या आजारातल्या सेवेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. वेदना, धाप, भीती, एकटेपणा या सर्वांवर एकत्र इलाज करणारी ही सेवा आहे. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती अवेदना हे देशातले पहिले असे केंद्र निघाले. पण प्रत्येकाला मुंबई कशी गाठता येणार? म्हणून २०१४ साली जागतिक आरोग्य सभेने ठराव केला की ही सेवा प्राथमिक आरोग्यसेवेत आणि घरोघरी पोहोचली पाहिजे. आपल्या सरकारनेही २०१८ पासून आरोग्य केंद्रांच्या सेवांच्या यादीत तिचा समावेश केला आहे. ही सेवा म्हणजे हार मानणे नव्हे. अमेरिकेत २०१० साली फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना सुरुवातीपासून ही सेवा मिळाली त्यांचे दिवस अधिक सुखाचे गेले, शेवटी जबर उपचार कमी झाले आणि सरासरीने ते अडीच-तीन महिने अधिक जगले.

म्हणून आमची विनंती आहे. घरात कोणी दीर्घ आजारी असेल तर शुद्ध असतानाच त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. कोणाला भेटावेसे वाटते, कुठे राहावेसे वाटते, कोणता उपचार नको वाटतो, हे विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशी इच्छा आधी लिहून ठेवण्यास मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. वेदना होत असतील तर त्या सहन करायच्याच असतात असे समजू नका, डॉक्टरांना सांगा. आणि आम्हाला लवकर कळवा. रात्री असले तरी कळवा.

क्रुसाखाली पवित्र मरिया उभी होती. तिला आपल्या पुत्राचे खिळे काढता आले नाहीत, पण ती तिथून हलली नाही. सुखमरणाचे आश्रयदाते संत योसेफ आपल्या सर्व आजाऱ्यांसाठी विनंती करोत.