कापडवाला कॉब्डेन

अर्थशास्त्राच्या पुस्तकात रिचर्ड कॉब्डेन एका ओळीत येतो आणि जातो. मला मात्र तो त्याच्या बापामुळे लक्षात राहिला. १८०४ साली ससेक्समधल्या ज्या शेतकरी घरात हा जन्मला, त्या घराची शेती पुढे बुडाली. पोरगा लंडनला काकाच्या वखारीत लागला, फिरता विक्रेता झाला आणि मग मँचेस्टरकडे छापील सुती कापडाचा मालक.

तेव्हा इंग्लंडात १८१५चा धान्य कायदा होता. गव्हाचा भाव क्वार्टरला, म्हणजे साधारण २१७ किलोला, ८० शिलिंग होईपर्यंत परदेशी गहू बाजारात येऊच द्यायचा नाही! १८२८ पासून त्याऐवजी भावाप्रमाणे कमीजास्त होणारी जकात आली, एवढंच. त्याआधी १६८९ पासून उलटा प्रकार होता. गहू बाहेर पाठवणाऱ्याला सरकार क्वार्टरमागे ५ शिलिंग बक्षीस द्यायचं. ते पैसे करातून जायचे आणि माल बाहेर गेल्यामुळे घरची भाकरीही महाग व्हायची; खिशाला दोनदा कात्री. हे ॲडम स्मिथने १७७६ मध्येच दाखवलं होतं, पण अनुदान बंद झालं १८१४ मध्ये.

जमीनदार म्हणत, कायदा शेतकऱ्यासाठी आहे. कॉब्डेनने नेमकं इथेच बोट ठेवलं. भाव चढला की खंड चढतो, मग कसणाऱ्याच्या हातात काय उरतं? शेतकऱ्याच्या मुलाने हे विचारावं, याला वजन होतं. धान्य कायदाविरोधी संघासाठी जॉन ब्राइटबरोबर तो गावोगाव बोलत हिंडला. इकडे स्वतःचा धंदा पार डबघाईला आला. आयर्लंडात बटाट्याचं पीक कुजलं आणि १८४६ मध्ये पंतप्रधान पील यांनी स्वतःच्याच पक्षाचा रोष पत्करून कायदा रद्द करवला. त्याच रात्री, दुसऱ्या एका विधेयकावर, त्यांचं सरकार पडलं.

आपल्या घरांत दादाभाई, रानडे वाचले जातात, त्यामुळे मला हा माणूस पूर्ण पचत नाही. ज्या छपाईच्या धंद्यावर तो वर आला, तो मुळात हिंदी छापील कापडाला १७०१ आणि १७२१च्या कायद्यांनी दार बंद करून वाढवलेला. पुढे मँचेस्टरच्याच रेट्याने १८८२ मध्ये इथली कापडावरची आयातजकात गेली. तोवर कॉब्डेनला जाऊन १७ वर्षं झाली होती, म्हणून तो दोष त्याच्या माथी मारणं बरोबर नाही. पण मुक्त व्यापार कोण कोणाला शिकवतोय, हे बघायलाच हवं ना?

लोकांनी वर्गणी काढून त्याला सावरलं. त्यातून त्याने जन्मगावचं घर परत घेतलं, उरलेले बरेचसे अमेरिकेतल्या एका रेल्वेच्या शेअर्समध्ये घालवले. १८५६ मध्ये १५ वर्षांचा मुलगा जर्मनीत शिकताना गेला. तरी १८६० मध्ये फ्रान्सशी जकाती उतरवण्याचा करार त्यानेच घडवून आणला, आणि त्याबद्दल मिळणारी सरदारकी नाकारली. १८६५ मध्ये गेल्यावर त्याला मुलाशेजारीच पुरलं.