जांबचे समर्थ रामदास

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांत, गोदावरीच्या उत्तरेस, जांब नांवाचें एक गांव आहे. आज त्यास जांब समर्थ म्हणतात. ह्या गांवीं शके १५३० मध्यें, म्हणजे इसवी सन १६०८ च्या रामनवमीस, सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई ह्यांच्या पोटीं नारायण नांवाचा मुलगा जन्मला. घराण्याकडे गांवचें कुळकर्ण होतें. नारायण सुमारें सात वर्षांचा असतांना वडील वारले. थोरला भाऊ गंगाधर शांत व विचारी. धाकटा मात्र झाडावर चढावें, पाण्यांत उड्या घ्याव्या, आणि मध्येंच कोठें अंधारांत एकटें जाऊन बसावें, अशा वृत्तीचा होता.

बारावें वर्ष लागलें तेव्हां आईनें त्याचें लग्न ठरविलें. मंगलाष्टकें चाललीं असतां भटजींच्या तोंडून सावधान हा शब्द निघाला आणि मुलगा मांडवांतून पळून गेला, ही गोष्ट महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? आपण ती हंसत सांगतों. परंतु बोहल्यावर अंतरपाटाच्या पलीकडे उभी राहिलेली ती अजाण मुलगी आणि दारांत वाट पाहणारी विधवा आई, ह्यांचा विचार केला म्हणजे हंसूं येईनासें होतें. ह्या पळून गेलेल्या मुलानें पुढें प्रपंच नीटनेटका करावा म्हणून लोकांस जन्मभर उपदेश केला, हें त्याच्या चरित्रांतील मोठें नवल आहे.

नारायण नाशिकास गेला. जवळच टाकळी येथें त्यानें बारा वर्षें काढिलीं. पहांटे नदीच्या पात्रांत उभें राहून जप, दुपारीं भिक्षा, आणि उरलेल्या वेळांत वाचन व लेखन, असा त्याचा क्रम होता. वाल्मीकीचें रामायण त्यानें येथेंच स्वतःच्या हातानें उतरून काढिलें. येथेंच तो नारायणाचा रामदास झाला.

१६३२ च्या सुमारास रामदास टाकळी सोडून तीर्थाटनास निघाले. काळ फार वाईट होता. १६३० ते १६३२ ह्या वर्षांत दख्खन व गुजराथ ह्या दोन्ही प्रांतांत भयंकर दुष्काळ पडला होता. त्यांतच मोंगलांची निजामशाहीवर स्वारी चालू होती. आकाशांतून पाऊस येत नव्हता आणि जमिनीवरून फौजा जात होत्या. अन्नावांचून तडफडणारीं माणसें, गांव सोडून परागंदा झालेलीं कुटुंबें, ओस पडलेलीं घरें हीं त्यांनीं वाटेंत पाहिलीं, आणि पुढें तीं आपल्या कवितेंत उतरविलीं. एरवीं तीर्थाटन करणारा साधु देवळें मोजतो. रामदासांनीं माणसांची दशा पाहिली. त्यांचे पुढील सारे विचार ह्या बारा वर्षांच्या पायपिटींतून निघाले, असें मला वाटतें.

तीर्थाटनाच्या शेवटीं ते जांबेस आले. चोवीस वर्षें लोटलीं होतीं. आईची दृष्टि गेली होती, असें परंपरा सांगते. तिनें मुलास आवाजावरून आणि स्पर्शावरून ओळखलें. परंतु तेथें ते फार दिवस राहिले नाहींत. १६४४ मध्यें ते कृष्णाकांठीं गेले. चाफळास १६४८ साली त्यांनीं रामाचें मंदिर उभारलें, आणि शहापूर, मसूर, उंब्रज, शिराळें इत्यादि गांवीं अकरा मारुति स्थापिले.

त्यांचा मुख्य ग्रंथ दासबोध. त्याचीं वीस दशकें व दोनशें समास आहेत. महाडाकडील शिवथरघळींत समर्थांनीं सांगावें आणि कल्याणस्वामींनीं लिहून घ्यावें, अशी त्याची हकीकत आहे. ह्या ग्रंथांत ब्रह्मज्ञान आहेच. परंतु मूर्खाचीं लक्षणें आहेत, आणि पढलेल्या मूर्खाचींहि आहेत. सारें शिकून दुसऱ्यास सांगावें व स्वतः त्याप्रमाणें वागूं नये, असा तो मूर्ख. (मुलांस हें वाचून दाखवितांना आम्हां वडील मंडळींनीं जरा जपूनच वाचावें!) हरिकथेला पहिलें स्थान देऊन त्यांनीं राजकारणाला दुसरें दिलें, आणि तिसरें सावधपणाला. लग्नमंडपांत ऐकलेला तो शब्द असा पुनः भेटतो. पण राजकारण म्हणजे अधिकारासाठीं धडपड, असा अर्थ त्यांच्या मनांत नव्हता. माणसें पारखावीं, जोडावीं, त्यांचे दोष पोटांत घालावे, व आळस सोडून सतत उद्योग करावा, एवढें सारें त्यांत येतें.

शिवाजी महाराजांची व त्यांची पहिली भेट १६४९ साली झाली कीं १६७२ साली, ह्याविषयीं इतिहासज्ञांत तीव्र मतभेद आहे. राज्यस्थापनेचें श्रेय महाराजांचें आहे. तें दुसऱ्या कोणास देण्यानें समर्थांचा मान वाढत नाहीं. चाफळच्या देवस्थानास १६७८ साली दिलेली सनद मात्र प्रसिद्ध आहे. तसेंच, ब्राह्मणाच्या श्रेष्ठत्वाविषयीं त्यांनीं जें लिहिलें आहे, तें आज पटण्यासारखें नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. पण ह्याच पुरुषानें वेणाबाई ह्या बालविधवेस कीर्तन करण्याची मोकळीक दिली आणि मिरजेचा मठ तिच्या हातीं सोंपविला. त्या काळीं हें सोपें नव्हतें.

ख्रिस्ती मिशनऱ्यांसहि ह्या पुरुषाचें आकर्षण वाटलें. अमेरिकन मराठी मिशनचे विल्बर डेमिंग ह्यांनीं १९२८ साली त्यांच्यावर व त्यांच्या संप्रदायावर इंग्रजींत ग्रंथ लिहिला.

विद्यार्थ्यांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अवश्य वाचावा. त्यांत फक्त अक्षर कसें काढावें हें सांगितलें आहे. अक्षर वाटोळें व मोकळें असावें, ओळी सरळ असाव्या, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारें एकाच लेखणीनें लिहिल्यासारखें दिसावें. चोहोंकडे समास सोडावा, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी मजकूर जात नाहीं. तरुणपणीं फार बारीक लिहूं नये, कारण म्हातारपणीं तें आपणांसच वाचतां येत नाहीं. दुष्काळांत मोडून पडलेला देश पाहिलेल्या माणसास शाईची व कागदाच्या कडेची एवढी काळजी होती!

२२ जानेवारी १६८२ रोजीं सज्जनगडावर समर्थांनीं देह ठेविला. त्यांच्या संप्रदायाचे हस्तलिखित कागद मठामठांतून विखुरले होते. ते शंकर श्रीकृष्ण देव ह्यांनीं गांवोगांव हिंडून जमविले. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरांत त्या संग्रहाबरोबर टाकळीस लिहिलेली ती रामायणाची प्रतहि जतन केलेली आहे.