रमाबाईंच्या आठवणी आणि माझी माय

आमचे बाळापूर मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमाजवळ वसलेले आहे. घरी पाहुणा आला की आम्ही त्याला किल्ला दाखवायला नेतो. एलिचपूरच्या नवाब इस्माईलखानाने १७५७ साली तो पुरा केला, हे आमच्याकडे शाळकरी पोरेही सांगतात. दगडविटांची आठवण अशी राहते. पण साध्या माणसाची आठवण कोणी ठेवायची आणि कशी, हा प्रश्न तीन वर्षांपूर्वी आमच्याच घरात येऊन बसला.

मृगाची पेरणी चालू होती. बाबा दुपारी वावरातून आले, ओसरीवर टेकले आणि त्यांनी पाणी मागितले. माय पाणी घेऊन येईपर्यंत सारे संपले होते. त्यानंतर मायने बाबांचा विषय घरात कधी काढला नाही. त्यांचा दुपट्टा खुंटीवर तसाच राहिला. निंदण, वेचणी, सरकीची चंदी सारे ती करीत राहिली, पण बोलली नाही. आम्हां भावंडांनाही विचारण्याचा धीर झाला नाही.

गेल्या वर्षी मराठीच्या सरांनी आम्हांला एकेक चरित्र वाचून त्यावर लिहायला सांगितले. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, त्यामुळे कोणते पुस्तक घ्यावे हे सांगणारेही कोणी नव्हते. ग्रंथालयात एका पुस्तकाच्या नावापाशी मी थांबले. नाव होते ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. लेखिका रमाबाई रानडे. माझ्या आयुष्यातील नव्हे, आमच्या. लहानपणी मायच्या मांडीवर बसून ‘उंच माझा झोका’ ही मालिका पाहिल्याचे मला अंधुक आठवत होते. त्याच ह्या रमाबाई.

त्यांचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी सातारकडच्या देवराष्ट्रे गावी कुर्लेकरांच्या घरी झाला. माहेरचे नाव यमुना. त्या काळी बाईने अक्षर ओळखले तर ती विधवा होते अशी समजूत घरोघर होती. म्हणून मुलीच्या हाती पाटी कोणी देत नसे. अकराव्या वर्षी, १८७३ साली त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. नवरदेवाचे वय एकतीस. ते न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते, मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी होते, प्रार्थना समाजात होते आणि विधवाविवाहाचे उघड पुरस्कर्ते होते.

येथेच वाचक अडखळतो. मीही अडखळले. पहिली पत्नी वारल्यावर रानड्यांनी एखाद्या विधवेशी लग्न करावे अशी सुधारकांची अपेक्षा होती. पण वडिलांचा शब्द त्यांना मोडवला नाही आणि त्यांनी अकरा वर्षांची कुमारिका पत्करली. लोकांनी त्यांना नावे ठेवली, आणि ती अगदीच खोटी होती असे मला म्हणवत नाही.

मात्र या माणसाने एक गोष्ट केली. लग्न झाल्याबरोबर त्याने त्या मुलीला शिकवायला सुरुवात केली. मुळाक्षरांपासून मराठी आणि पुढे इंग्रजीसुद्धा. पुण्याच्या घरात वडीलधाऱ्या बायका होत्या. सुनेचे इंग्रजी शिकणे त्यांना मुळीच खपत नव्हते. दिवसा टोमणे आणि रात्री धडे, असा तो संसार होता. नाशिकला बदली झाली तेव्हा रमाबाईंना थोडा मोकळा श्वास मिळाला. पुढे १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, त्यांच्या सभांना ह्या जाऊ लागल्या आणि घरातले बोलणे आणखी वाढले. पण १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा उभी राहिली, तेव्हा ती व्हावी म्हणून झटणाऱ्यांमध्ये रानडे पतिपत्नी दोघेही होते. पाटीला हात न लावलेली मुलगी दहाअकरा वर्षांत कोठे पोहोचली, हे पाहून मन थक्क होते.

रानड्यांचे सार्वजनिक कार्य इतिहासाच्या पुस्तकांत आहेच. सार्वजनिक सभा, सामाजिक परिषद, १८९३ पासून मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीशपद, १९०० साली प्रसिद्ध झालेला मराठी सत्तेच्या उदयावरचा ग्रंथ, ही यादी आपण परीक्षेपुरती पाठ करतो. रमाबाईंनी दाखवलेला माणूस त्या यादीत सापडत नाही. सरकारी समितीच्या कामासाठी रानडे कलकत्त्याला राहिले होते. तेथे त्यांनी बंगाली शिकायला घेतले आणि दाढी करणाऱ्या न्हाव्यालाच ते शब्द विचारू लागले. एवढा मोठा अधिकारी न्हाव्यापुढे विद्यार्थी होऊन बसला आहे हे आतल्या खोलीतून बायकोने ऐकले आणि ती गोष्ट ध्यानात ठेवली. इतिहासकाराला हे कोठून दिसणार?

आणि रमाबाईंनी केवळ गोडच तेवढे लिहिले आहे असेही नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून मोठे वादळ उठले आणि पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. आपल्यामुळे स्नेह्यांना त्रास होऊ नये हा त्यांचा विचार होता. तरी ती माघारच होती. रमाबाईंनी तो प्रसंग गाळला नाही. आपल्या मनाला काय लागले तेही त्यांनी झाकले नाही. प्रेम आणि पूजा यांत फरक आहे, तो मला या पानांवर कळला.

१९०१ चा जानेवारी उजाडला तेव्हा रानड्यांची प्रकृती बिघडलेली होती. हृदयाच्या दुखण्यामुळे त्यांनी रजा घेतली होती. रजा संपली की पुन्हा काम, असेच सारे धरून चालले असतील. १६ जानेवारीच्या रात्री कळ आली आणि थोड्याच वेळात ते गेले. दोन दिवसांनी त्यांना एकोणसाठ पुरी होऊन साठावे लागणार होते. रमाबाई तेव्हा अवघ्या अडतीस वर्षांच्या होत्या. अक्षर शिकले की वैधव्य येते असे म्हणणाऱ्यांना वाटले असेल, आपले खरे झाले.

रमाबाई पुण्याला परतल्या आणि वर्षभर जवळजवळ कोठे बाहेर पडल्या नाहीत. नंतर मात्र त्या उठल्या. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रियांना भेटू लागल्या, दवाखान्यातील रुग्णांजवळ बसू लागल्या. १९०८ साली मुंबईत सेवासदन निघाले, त्याच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. १९०९ साली पुण्याचे सेवासदन सुरू झाले. तेथे विधवा शिकल्या, शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. ज्या माणसाला विधवेशी लग्न करण्याचे धैर्य झाले नाही, त्याच्याच विधवेने शेकडो विधवांना पायांवर उभे केले. आणि ते बळ तिला त्यानेच दिलेल्या अक्षरांतून मिळाले होते. १९१० साली त्यांनी हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात स्वतःच्या पुढच्या कामाचा डौल नाही. पुस्तक पतीच्या मृत्यूपाशीच थांबते. १९२४ साली त्या गेल्या तेव्हा मात्र साऱ्या महाराष्ट्राला त्यांचे काम ठाऊक झाले होते.

हे पुस्तक मी घरी मोठ्याने वाचत असे. माय चुलीपाशी असायची. ऐकते की नाही ते कळत नसे. प्रायश्चित्ताचा भाग वाचला त्या रात्री तिने भाकर थापता थापता हात थांबवला आणि तिच्या पाटल्या मोडून बाबांनी खोदलेल्या बोअरची गोष्ट सांगितली. बोअर कोरडी गेली होती. दोघे महिनाभर एकमेकांशी बोलले नव्हते. मग एका बाजाराच्या दिवशी बाबांनी तिच्यासाठी काचेच्या बांगड्या आणल्या आणि काही न बोलता फळीवर ठेवल्या. हे सांगताना माय हसली. तीन वर्षांत प्रथमच.

त्या रात्रीपासून मी एक वही केली आहे. माय सांगते, मी लिहिते. तिला लिहिता येत नाही, तिला कोणी शिकवले नाही. बोअरची गोष्ट वगळावी असे मला वाटले होते. मुलीने बापाची चूक कशाला लिहायची? पण मायने ती आधी लिहायला लावली. आजवर चौदा पाने झाली आहेत. पहिल्या पानावर कोरडी बोअर आहे आणि त्याखाली बांगड्या.

(बी. ए. भाग दोन)