औषधालयातील रसायनशास्त्रज्ञ

कार्ल विल्हेल्म शेले याचा जन्म १७४२ साली बाल्टिक समुद्राकाठच्या स्ट्रालसुंड गावी झाला. हे गाव त्या वेळी स्वीडनच्या ताब्यात होते. घरी भावंडे पुष्कळ. वयाच्या चौदाव्या वर्षीच कार्ल एका औषधालयात उमेदवारी करू लागला. दिवसा मालकाचे काम करावे आणि रात्री रसायनशास्त्राचे ग्रंथ वाचून त्यांतील प्रयोग स्वतः करून पाहावेत, असा त्याचा क्रम असे.

१७७५ मध्ये तो कोपिंग या लहानशा गावी स्थिरावला. प्राणवायू त्याने प्रीस्टलीच्या आधी तयार केला होता. परंतु त्याचा ग्रंथ छापून निघण्यास १७७७ साल उजाडले आणि तोवर शोधाचा मान प्रीस्टलीकडे गेला होता.

१७७४ साली मँगॅनिजच्या काळ्या खनिजावर मिठापासून काढलेल्या आम्लाची क्रिया केली असता त्याला हिरवट पिवळा, श्वास कोंडणारा वायू मिळाला. हाच क्लोरीन. पुढे १७७८ मध्ये तो एका मऊ, काळ्या खनिजाकडे वळला. लोक त्याला शिसपेन्सिलीतील द्रव्यच समजत. शेलेने ते नत्राम्लात वारंवार तापवून एक पांढरी भुकटी वेगळी केली. तीत नवा धातू दडला आहे हे त्याने ओळखले. पण औषधालयाची शेगडी ती किती तापणार! ते काम त्याने येल्म या मित्राकडे सोपविले. येल्मने जवसाचे तेल, कोळशाची पूड व ती भुकटी एकत्र मळून भट्टीत घातली, आणि १७८१ साली मॉलिब्डेनम हा धातू हाती आला.

या दोन द्रव्यांचे वैर शेलेला ठाऊक नव्हते. कोल्हापूरच्या ओतशाळांत ओतलेले बिडाचे भाग विहिरीच्या गोड्या पाण्यात वर्षानुवर्षे टिकतात. तेच घाट उतरून कोकणच्या खाऱ्या पाण्यात गेले की लवकर झिजतात. क्रोमियमयुक्त पोलाद सहसा गंजत नाही, कारण त्यावर डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा असतो. मिठातील क्लोरीनचा अंश मात्र तोही भेदून पोलादाला बारीक भोके पाडतो. शंभर भागांत दोन-तीन भाग मॉलिब्डेनम मिसळले, की हा उपद्रव पुष्कळच कमी होतो.

हाती आलेला नवा पदार्थ चाखून पाहण्याची शेलेला खोड होती. सोमल, पारा यांसारखी विषे तर नित्याचीच. १७८६ च्या मे महिन्यात, अवघा ४३ वर्षांचा असताना तो वारला. मृत्यूच्या काही दिवस आधी त्याने औषधालयाच्या पूर्वीच्या मालकाच्या विधवेशी विवाह केला, तो दुकान पुन्हा तिच्याच हाती राहावे म्हणून.